पुढच्या व्हर्जनमध्ये मराठी येणार होती

आमच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, पण कॉम्प्युटरच्या पुढच्या व्हर्जनची वाट साऱ्या गल्लीत आमच्याच घरी जास्त पाहिली गेली. वाट पाहणारी माझी आई होती, आणि तिला लिहितावाचता येत नव्हतं.

इंदूरला बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते असं बाबा सांगत. त्या फौजेतलं आमच्यापर्यंत फक्त जगदाळे हे आडनाव पोचलं होतं. बाबा राजवाड्याजवळच्या एका टेलरच्या दुकानात कटिंग मास्टर होते. दिवसभर दुसऱ्यांच्या मापांचे आकडे बोलून त्यांचं बोलणं संपून जाई, आणि घरी ते गरजेपुरतंच बोलत. आई मराठी मंडळाच्या सभागृहात लग्नामुंजींचा स्वयंपाक करायची. लग्नसराईत ती घरी यायची तेव्हा तिच्या लुगड्याला गोड्या मसाल्याचा आणि धुराचा वास असे. हातातल्या डब्यात मसालेभात, कधी पुरणपोळीचे तुकडे. एरवी आमचं खाणं इंदूरचंच होतं. सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला, रविवारी डाळ-बाफले, भुट्ट्यांच्या दिवसांत कोवळ्या मक्याचा कीस. भाषाही तशीच होती. ‘अरे, नल बंद कर ना जरा, पानी वाया चाललंय’ हे वाक्य आमच्या घरात शुद्ध मराठी समजलं जाई. त्यात काही वेगळं आहे हे मला मराठी शाळेत गेल्यावर कळलं. तिथल्या बाईंनी माझ्या निबंधातल्या ‘नल’भोवती गोल काढला आणि वर ‘नळ’ लिहिलं. त्या दिवसापासून मी दोन मराठी बोलू लागलो, एक घरातली आणि एक वहीतली.

वहीतल्या मराठीनं मला खूप दिलं, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. मामाला पाठवायचं पत्र आई सांगायची आणि मी लिहायचो. ‘त्याला म्हण, आंबे आले तर भेज, नाही आले तर तू ये,’ असं ती सांगे. मी लिही, ‘आपल्या आगमनाची आम्ही आतुरतेने वाट पाहत आहोत.’ मग वाचून दाखवताना तिचा चेहरा पडे. ‘चांगलं आहे,’ ती म्हणे, ‘पण त्याला वाटेल मी बीमार आहे.’ बाबांना लिहायला सांगावं तर ते तिच्या दहा वाक्यांचं एक करत. ‘तुझे बाबा लिहितात ते कपडा बेतल्यासारखं, आणि तू लिहितोस ते शाळेतलं,’ असं ती एकदा म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. भाजी आज अळणी झाली असं सांगावं, तसं तिनं ते सांगितलं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना बाबांनी मला मनोज सरांच्या कॉम्प्युटर क्लासला घातलं. क्लास एका नमकीनच्या दुकानाच्या वर होता. खाली कढईत शेव पडत असे आणि वर आम्ही बूट काढून, एसी नसलेल्या खोलीत, जाळीदार कापडानं झाकलेल्या मॉनिटरांसमोर बसत असू. वीज गेली की यूपीएस किंचाळायचा आणि सगळे एकदम ‘सेव करो, सेव करो’ ओरडायचे. खालच्या दुकानातला माणूस एकदा जिन्यात येऊन म्हणाला, ‘भिया, सेव तो हम कर रए हैं, तुम काय को चिल्ला रए हो?’ तेव्हापासून तो विनोद क्लासचाच झाला.

मनोज सर उत्तरेकडून आलेल्या कुटुंबातले, पण जन्म इंदूरचा. मराठी त्यांना समजायची थोडी, यायची नाही. शनिवारी तास संपला की ते खुर्ची उलटी करून बसत आणि पुढच्या व्हर्जनमध्ये काय येणार ते सांगत. दिल्लीहून येणारी मासिकं ते अगदी जाहिरातींसकट वाचत. फ्लॉपी जाणार. मॉनिटर भिंतीवरच्या कॅलेंडरएवढा पातळ होणार. टेबलाखालचा डबा जाणार. माउसची शेपटी जाणार. मग एका शनिवारी ते म्हणाले, ‘और एक दिन टाइपिंग ही चली जाएगी. आदमी बोलेगा, कम्प्यूटर लिखेगा. अंग्रेज़ी में तो आ ही गया है. अगले वर्ज़न में हिंदी. उसके बाद मराठी, गुजराती, सब.’ मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, ‘सर, तो फिर हम टाइपिंग काय को सीख रए हैं?’ सर म्हणाले, ‘तब तक के लिए.’

आज मी इंदूरजवळच्या राऊच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, आणि माझे केस पिकले आहेत. लॅबमधल्या निम्म्या मशीनवर सूचना येते की हे यंत्र पुढचं अपडेट घेऊ शकणार नाही. स्टाफरूममध्ये तरुण प्राध्यापक वाद घालतात की डेस्कटॉप आता किती वर्षांचा सोबती, पुढच्या अपडेटमध्ये सगळं बोलूनच होणार का, टेबलाशी बसण्याचीच गरज उरणार नाही का. मला विचारलं तर मी म्हणतो, बघू या. सरांची शनिवारची भाकितं बहुतेक सगळी खरी ठरली, हे मी पाहिलं आहे. ती खरी ठरायला जेवढा वेळ लागला, त्या वेळेत माणसं काय करतात, हे कुठल्या मासिकात येत नाही.

मी त्या शनिवारी घरी येऊन जेवताना सहज सांगितलं की बोललं की लिहिणारा कॉम्प्युटर येणार आहे. आईचा हात परातीत थांबला.

‘बोललं की काय लिहिणार?’

‘जे बोललं ते.’

‘दुरुस्त नाही करणार?’

‘त्याला काय कळतंय दुरुस्त करायला?’

‘म्हणजे तो शाळेत नाही गेलेला,’ आई म्हणाली, आणि पुन्हा कणीक मळू लागली. बाबा खाली मान घालून हसले. त्या क्षणापासून आईचा त्या यंत्रावर विश्वास बसला. आता तिचा हा विश्वास आठवला की मला वाईट वाटतं, कारण पुढे कितीतरी वर्षांनी, ती थकलेली असताना, माझ्या फोनमध्ये ते खरंच आलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा विचारलं, भाषा निवडा. मी मराठी निवडलं तर तिचे हिंदी शब्द त्याला पेलेनात, आणि हिंदी निवडलं तर मराठी क्रियापदांची त्यानं भलतीच नावं करून टाकली. आमच्या घरची भाषा त्या यादीत नव्हती. आईनं फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, ‘हा पण शिकून आलाय.’

पण मी पुढचं आधी सांगतो आहे. त्या पावसाळ्यात मंडळाचे कार्यवाह दिघेकाका आमच्याकडे आले. शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटण लावणारे गृहस्थ. मंडळाची स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात समाजातल्या काही स्त्रियांची मनोगतं छापायची होती. एक डॉक्टरबाई, एक प्राचार्य, एक गायिका, आणि आई.

‘शांताबाई, तुम्ही आमच्या किती पंगती वाढल्यात. तुमचं मनोगत हवंच,’ दिघेकाका म्हणाले. ‘लिहायची काळजी नको. मी लिहून देईन, तुम्ही फक्त नाव द्या.’

आईनं त्यांना चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, ‘नाव माझं, तर बोलणं पण माझंच पाहिजे ना काका.’

‘बोलणं तुमचंच. मी फक्त शब्दांत मांडेन.’

‘शब्द आहेत माझ्याजवळ,’ आई म्हणाली. ‘थोडं थांबा. आमच्या दिन्याच्या क्लासमध्ये एक मशीन येणार आहे.’

दिघेकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे पाहिलं.

त्यानंतर आई तयारी करू लागली. भाजी निवडताना तिचे ओठ हलत. मधेच थांबून ती एखादं वाक्य मागे घेई, पुन्हा म्हणे. दर शनिवारी मी जिना चढून आलो की विचारी, ‘आलं का मराठी?’ मी सांगे, अजून इंग्रजीच. श्रावण गेला. दिघेकाकांचा निरोप आला की गणपतीनंतर मजकूर प्रेसला जाईल. मग एका शनिवारी मनोज सरांनी कानाला लावायचा माइक आणि त्या इंग्रजी सॉफ्टवेअरची सीडी आणली. सरांनी वर्तमानपत्रातला उतारा वाचला आणि पडद्यावर शब्द एकामागून एक उमटले. निम्मे चुकीचे होते, पण उमटत होते. सर म्हणाले, ‘पहले इसको सिखाना पड़ता है. जितना सिखाओगे, उतना सीखेगा.’ त्यांचा अर्थ आवाजाची ओळख करून देण्याचा होता. मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि आईनं त्याचा सरळ अर्थ घेतला.

‘म्हणजे शिकवलं तर शिकतं. मग त्याला मराठी आपण नाही शिकवली तर कोण शिकवणार? उद्या मी येते.’

मी खूप समजावलं. बाबा म्हणाले, ‘जाऊ दे तिला.’

रविवारी सकाळी आई माझ्यामागून तो जिना चढली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती. चार-पाच मुलं सरावाला आलेली होती. सरांनी उठून तिला आपली खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला, आणि काही न विचारता माइक तिच्या कानावर बसवला. ‘बोलिए काकीजी.’

आई पडद्याकडे बघून, लहान मुलाशी बोलावं तशी, एकेक शब्द सोडवून म्हणाली, ‘मी. शांता. जगदाळे.’

पडद्यावर इंग्रजीत उमटलं, ‘मी शंट जग डेली.’ मुलं हसली. एकजण म्हणाला, ‘काकीजी, मशीन को चक्कर आ गए.’

‘त्याला आले तर येऊ दे, तू नीट बस, कुर्सीवरून पडशील,’ आई म्हणाली, आणि मला विचारलं, ‘काय लिहिलं?’

मी वाचून दाखवलं.

‘पहिला शब्द तर बरोबर आहे,’ ती म्हणाली.

मी तिला सांगितलं नाही की तो पहिला शब्दही इंग्रजीतला ‘मी’ होता, त्याचा अर्थ ‘मला’. ती आणखी बराच वेळ शिकवत राहिली. स्वयंपाक. पोळी. इंदूर. यंत्र प्रत्येक वेळी काहीतरी इंग्रजी लिही, आणि आई प्रत्येक वेळी पुन्हा, आवाज न चढवता, तोच शब्द म्हणे. हळूहळू मुलांचं हसणं थांबलं. शेवटी तिनं माइक काढला, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘ह्याचं मन नाही लागत.’ ती उठू लागली. तिचा चेहरा मला आजही बघवत नाही.

तेव्हा मनोज सर म्हणाले, ‘काकीजी, बैठिए. आप बोलो, मैं टाइप करता हूँ.’

‘सर, मी करतो,’ मी म्हणालो.

‘तू नहीं. तुझे मराठी आती है.’ त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला आणि हिंदीचा फॉन्ट लावला. ‘मुझे नहीं आती. मैं जो सुनूँगा, वही मारूँगा.’

आई पुन्हा बसली. आता तिचा आवाज वेगळा झाला, स्वयंपाकघरातल्यासारखा. ती सांगू लागली, लग्न होऊन इंदूरला कशी आली, मंडळाच्या सभागृहात पहिल्यांदा एवढं मोठं पातेलं बघून कशी घाबरली. सर मान खाली घालून टाइप करत होते. एका ठिकाणी ती ‘मैदा छानून घेतला’ म्हणाली, तेव्हा ‘चाळून’ म्हणून मी तोंड उघडलं आणि तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग ती म्हणाली, आणि हे मी तिच्याच शब्दांत देतो, कारण तो कागद मला पाठ आहे:

‘एका लग्नात पंगत बसलेली, तव्यावर पोळी, आणि माझ्या भावाचा निरोप आला का आई गेली. निरोप आणणाऱ्याला मी म्हटलं, भिया, मी अजून ऐकलं नाही, तू बाहेर बस. सुतक लागलं असतं तर पूरा खाना फेकावा लागला असता. लडकीवाले गरीब होते. मी पोळ्या लाटत राहिले. रडायला टाइमच नव्हता. पूरी पंगत उठली, मग मी हात धुतले, बाहेर आले आणि त्याला म्हटलं, हां, आता सांग.’

आजी गेली हे मला माहीत होतं. ते आईनं कसं ऐकलं, हे मी त्या दिवशी, शेवेच्या वासानं भरलेल्या त्या खोलीत, एका मराठी न येणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून पहिल्यांदा ऐकलं. सरांचे हात क्षणभर थांबले. समजायची तेवढी मराठी त्यांना समजली होती. मग ते पुन्हा टाइप करू लागले.

संपल्यावर आईनं पडद्याकडे पाहिलं. प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ होती, कारण यंत्राच्या लेखी ते सगळं चुकलेलं इंग्रजी होतं. ‘या लाल रेघा कसल्या? सगळंच चुकलं का?’

‘नहीं काकीजी. ये अंग्रेज़ी वाले को समझ नहीं आया, इसलिए खींच रहा है. काग़ज़ पे नहीं आएगी.’ त्यांनी नाव वाचून दाखवलं, ‘शांता जगदाले.’

‘ले नाही, ळे.’

‘हाँ, वो गाँव वाला ल. मेरे पड़ोस की मालवी अम्मा बोलती हैं.’ कीबोर्डवर ते अक्षर नव्हतं. भिंतीवरच्या तक्त्यात शोधून, आल्ट दाबून आकडे टाकून, ते मी आणलं. त्या अख्ख्या मजकुरात माझं एवढंच, एक अक्षर. प्रिंटरमधून कागद बाहेर आला तेव्हा आईनं तो उजेडाकडे धरून वरपासून खालपर्यंत तपासला. एकही लाल रेघ नव्हती.

दिघेकाकांनी तो कागद आमच्या ओट्यावर बसून वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘भावना फार छान आहे शांताबाई. भाषेवरून मी जरा हात फिरवतो.’

‘नका फिरवू काका.’

‘अहो, छापील गोष्ट राहते. पुण्यामुंबईचे लोक वाचतील, म्हणतील इंदूरची मराठी ही अशी?’ त्यांचा आवाज खाली आला. ‘माझी नातवंडं माझ्याशी हिंदीत बोलतात. मी आयुष्यभर कशासाठी झटलो, तुम्हाला माहीत आहे. निदान कागदावर तरी नीट असू दे.’

दिघेकाकांचं दुःख खरं होतं आणि आईला ते कळत होतं. मग ती म्हणाली, ‘रडायला टाइम नव्हता, हे तुम्ही कसं लिहाल?’

दिघेकाकांनी विचार केला. ‘अश्रू आवरून कर्तव्याला प्राधान्य दिलं.’

‘मी आवरले नाहीत काका. ते आलेच नाहीत. मग माहेरी जाताना बसमध्ये आले.’ ती म्हणाली. ‘तुमचं लिहायचं असेल तर लिहा, पण मग खाली नाव तुमचं टाका. माझी आई माझ्या नावाखाली राहू दे.’

दिघेकाका कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, ‘सुतकातलं अन्न. लोक बोलतील. ते लग्न कुणाचं होतं?’

‘ते नाही सांगणार.’

दिघेकाकांच्या मुलीचं लग्नही त्याच सभागृहात झालं होतं, आईच्याच हातचं जेवण. ते कुणी बोललं नाही. गल्लीतून एक हातगाडीवाला ओरडत गेला.

‘त्या घरची मुलगी सुखात आहे ना?’ दिघेकाकांनी विचारलं.

‘सुखात आहे. दोन लेकरं आहेत.’

‘मग झालं,’ ते म्हणाले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि चपला घातल्या. समितीत त्यांना पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं, असं नंतर कानावर आलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत. मनोज सरांइतकाच मी त्यांचाही ऋणी आहे, कारण सरांना ते सोपं होतं आणि काकांना नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर स्मरणिका घरी आली. बाबांनी हात धुऊन ती उघडली. आईचं मनोगत जसंच्या तसं होतं, ‘छानून’ आणि ‘भिया’सकट, खाली ‘शांता जगदाळे’. त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. मी सगळं वाचून दाखवलं, आणि ती ओळही: ‘लेखिकेच्या इच्छेनुसार भाषा जशीच्या तशी ठेवली आहे. संपादक.’

‘जशीच्या तशी म्हणजे?’

‘तू बोललीस तशी.’

आई विचारात पडली. ‘मग बाकीच्यांचं बदललंय का?’

मी अनुक्रमणिका बघू लागलो. ‘वाच बरं एखादं,’ ती म्हणाली. मी पान उलटून डॉक्टरबाईंचं मनोगत काढलं. डॉक्टरबाईंना आई चांगली ओळखायची. सभागृहात आल्या की त्या सरळ चुलीपाशी येऊन, ‘शांताबाई, एक पुरणपोळी चुपचाप देऊन टाका ना,’ म्हणत आणि उभ्याउभ्या खात. मी वाचू लागलो, ‘आज मागे वळून पाहताना कृतार्थतेच्या भावनेने मन भरून येते…’ पान संपेपर्यंत आईनं मधे एकदाही मला थांबवलं नाही. बाबाही ऐकत होते.

‘बिचारी,’ आई म्हणाली. ‘तिच्यापाशी कुणी बसलं नाही वाटतं.’